हात लावला की वाटा

आमच्याकडे कट म्हणजे
शिजल्या डाळीवरचं निथळून घेतलेलं पाणी.
होळीच्या सकाळी मी तेच पातेल्यात काढत होते,
पुरण वाटायचं राहिलं होतं,
आणि दारात चार पोलीस, एक बाई शिपाई.
मोरेश्वर बनियनवर उभा, कोपरापर्यंत ग्रीस.
हात धुऊ दे म्हणाला. नाही दिले धुऊ.

आता खेडच्या कोर्टात दर तारखेला
तोच शब्द कागदावर बघते.
कट. त्याच्यापुढे कलम, कलमापुढे सहा नावं,
चौथं माझ्या भावाचं,
बापाचं नाव चुकवून.

मुकादम वकील एसटी स्टँडसमोरच्या माडीवर बसतात.
म्हणाले, ताई, तुम्ही हर्णैच्या. रापण पाहिली असेल.
म्हटलं, ओढलीये.
मग सोपं आहे.
होडीतून जाळं टाकणारे दोघं-तिघंच,
बाकी सगळे वाळूवर.
कोणी पहिल्यापासून दोर धरतो,
कोणी विडी संपवून मागाहून येतो,
पण हात लावला की वाटा.
कायदा असाच मोजतो, फक्त
इथे मासळी वाटत नाहीत.

पण त्याने इंजिन दुरुस्त केलं हो, नुसतं इंजिन.
डिझेलचा पंप. रात्रीचे दोन तास.
"बोट कशाला जाणार हे ठाऊक असून?"
मी पंख्याकडे बघितलं.
माल तर किनाऱ्याला लागलाच नाही, मी म्हटलं,
आंजर्ल्याच्या खाडीतोंडाशीच धरला.
"लागायला नको.
जाळं रिकामं आलं म्हणून रापण झाली नाही
असं म्हणता का तुम्ही?
ठरलं, तिथेच गुन्हा झाला."

आणि शिक्षा?
त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ.
जे करायचं ठरलं, त्याची जी शिक्षा, तीच ठरवणाऱ्याला.
किरकोळ काही असतं
तर सहा महिन्यांत, दंडात भागलं असतं.
पण त्या खोक्यांत जे निघालं, जेवढं निघालं,
त्याला दहाच्या खाली कायदा उतरत नाही.
वर वीस. शिवाय दंड, लाखात.
मोरेश्वर एकतीसचा.
पोर बालवाडीत, अजून ळ म्हणता येत नाही तिला.

ठरलं, ठरलं. ठरलं हे दिसतं कुठे?
कागद नाही, अंगठा नाही.
"कट कोणी कागदावर करत नाही, ताई.
बेचाळीस सेकंदांचा फोन आहे.
आणि दाभोळचा सुधाकर
माफीचा साक्षीदार व्हायला बसलाय."

सुधाकर. आमच्या ओटीवर बसून
बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं त्याने.
मी बाजूलाच बोंबील निवडत होते.
त्याने विचारलं तेव्हा मोरेश्वर काही बोलला नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
आणि मी

नुसती मान हलवली तर, वकीलसाहेब?
"कोणी?"
कोणीही.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
खाली दापोली गाडीची घंटी झाली.
"पाहिली कोणी?"
मी पिशवी उचलली.
"तुम्ही मला काही विचारलं नाहीत," ते म्हणाले,
"पुढची तारीख एकोणीस."

हर्णैला उतरले तेव्हा लिलाव रंगात होता.
ओल्या वाळूत बैलगाड्या, बर्फाचा चुरा,
हातात टोपल्या नसलेली मी एकटीच.
चिंगळांचा ढीग. पावशांची द्वारका आकडा ओरडत होती,
अडीच, अडीच, पावणेतीन,
आणि माझं लक्ष तिकडे, बंदराबाहेर,
डोलणाऱ्या दिव्यावर.
कोणीतरी विचारलं, आली का गं तारखेवरून?
मी मान हलवली.

तीन हजार, द्वारका म्हणाली, घे, तुझा.
सगळ्यांनी पाहिलं होतं.
मी कमरेची पिशवी सोडली
आणि मोजायला लागले.